नानांचा न भिजणारा पोशाख

या हो, पुढे या. असं चपलांजवळ बसून कथा ऐकायची नसते; चपलांजवळ बसलेल्याचं निम्मं लक्ष चपलांतच राहतं. आजी, तुम्ही त्या खांबाला टेका. ज्याला खोकायचं असेल त्यानं आत्ताच खोकून घ्यावं. माझ्यापाशी मृदंग नाही, वीणा नाही, उभं राहायला बुवाही नाहीत. नुसता मी आहे आणि एक गोष्ट आहे. पाण्यात उतरूनही अंगाला पाणी लागू नये म्हणून एका माणसानं काय काय केलं, त्याची ही गोष्ट. हातातली सुपारी हसता हसता हातातच राहिली तर मला बोल लावू नका. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

जळगावात रेल्वेच्या रुळांपलीकडे एक वसाहत आहे, केळीचा मळा मोडून बसवलेली. मळा गेला, पण मळ्यातलं विठ्ठलाचं देऊळ राहिलं आणि देवळामागची विहीर राहिली. त्या वसाहतीत सुकदेव नाना राहायचे. एसटीच्या वर्कशॉपात टायर खात्याचे कारकून होते. कुठल्या गाडीचं कुठलं टायर कुठल्या घाटात फुटलं, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या हातानं मात्र सायकलची ट्यूबसुद्धा कधी काढली नव्हती. रिटायर झाल्यावर ती हौस उफाळून आली. नानांनी दुरुस्त केलेला पंखा वारा छताकडे फेकायचा. नानांनी दुरुस्त केलेलं घड्याळ फक्त हलवल्यावर चालायचं. केसरअक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, शेजारणींना सांगायच्या, "वस्तू बिघडली की आधी यांच्यापासून लपवायची, मग बाजारात न्यायची."

केसरअक्कांना टाळाचं वेड. माहेर यावलकडचं. वडिलांनी लग्नात भांडी बेताची दिली, पण काशाचा टाळ दिला तो असा की वाजवला तर स्टेशनातल्या हमालानं मान वळवावी. त्या टाळाची दोरी झिजली. अक्का म्हणाल्या, बाजारातून ओवून आणते. नाना म्हणाले, "मी जिवंत असताना बाजार?" नायलॉनची दोरी आणली, ओवली आणि अशी गाठ मारली की, नानांच्या मते, तिनं जहाज बांधून ठेवता आलं असतं.

संध्याकाळचं भजन देवळामागच्या ओट्यावर व्हायचं, विहिरीला लागून. भजन रंगात आलं, अक्कांनी टाळ उंच नेला आणि एक वाटी सुटली. रहाटाच्या लोखंडावर टण्णकन आपटली आणि डुबुक. भजन थांबलं. सगळ्यांनी विहिरीत बघायचं सोडून नानांकडे बघितलं. हसत होत्या त्या एकट्या अक्का. म्हणाल्या, "राहू द्या हो. विहिरीलाही करू दे थोडं भजन."

"काढून देतो," नाना म्हणाले. "उद्याच."

तो उद्या काही उगवला नाही. थंडी पडली आणि अक्का गेल्या. कशा गेल्या ते मी सांगत बसत नाही. गेल्या.

घरी टाळाची एक वाटी उरली. आता टाळ म्हणजे दोन. एकटी वाटी धरून बसता येते, वाजवता येत नाही. नाना धरून बसत. चहा दोन कप ठेवायचे, मग एक कप मोरीत ओतायचे आणि स्वतःवरच खेकसायचे. रडले मात्र नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, नरडाण्याहून लेक आली आणि गळ्यात पडली तेव्हाही नाही. शेजारच्या द्रौपदाबाई धुळ्याकडच्या, तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ. त्या म्हणाल्या, "नाना, रडी ल्या हो. पोटमा ठेवू नका."

नाना म्हणाले, "मला सर्दी होते."

वर्ष भरत आलं. वर्षश्राद्धाला बुवांचं कीर्तन ठरलं. आमच्याकडे रीत अशी की गेलेलं माणूस भजनी असेल, तर त्या कीर्तनात त्याचाच टाळ वाजवायचा, म्हणजे ते पंगतीला आल्यासारखं होतं. एक दिवस नानांनी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, "त्या दिवशी अक्काची जोडी पुरी वाजेल." हे ऐकून झुलालभाऊंनी लगेच कान टवकारले. झुलालभाऊ जिल्हा परिषदेत होते आणि देवळाचे सेक्रेटरी होते. कुणी काही करतो म्हटलं की ते कसं होणार नाही, हे सांगायचं खातं त्यांच्याकडे होतं.

आधी लोखंडी गळ टाकून झाला. विहिरीतून तीन बादल्या निघाल्या आणि बादल्या कुणाच्या यावरून दोन घरं बोलायची बंद झाली. मग झुलालभाऊंनी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सोडलं. चुंबकाला खिळे लागले, पत्रा लागला, एक कुलूप लागलं. कासं काही चुंबकाला लागत नाही, हे सगळ्यांना चुंबक तळाशीच तुटून राहिल्यावर आठवलं.

"चोपड्याकडून बुडी मारणारा बोलावू," झुलालभाऊ म्हणाले. "नाक धरील, खाली जाईल, घेऊन येईल. बिडी विझायच्या आत काम."

"गाठ माझी होती," नाना म्हणाले. "हातही माझाच जाईल."

"अहो, डॉक्टरांनी तुम्हाला गार पाण्यानं तोंड धुवू नका म्हणून सांगितलंय! छाती भरते तुमची."

हे खरं होतं. नाना तापीत पोहून वाढलेले, पण आता छातीला गारवा लागला की भाता सुरू. म्हणजे पाण्यात तर जायचं, आणि पाणी तर लागता कामा नये. असा पेच साधुसंतांनाच पडतो, आणि त्यांनाही संसारात राहून पडतो, विहिरीत नाही.

या पेचातून मार्ग दाखवला हस्तीमल शेठनी. शेठचे आजोबा मारवाडातून आले, नातवाचं बोलणं मात्र पुरतं जळगावचं. धंदा भंगाराचा. गुजरातेत समुद्रकाठी जुनी जहाजं मोडतात, तिथून ते ट्रकनं माल आणायचे. खुर्च्या, कपबश्या, संडासाची भांडी, सगळं विलायती. नाना तिथं कुलूप शोधायला गेले आणि त्यांना तो दिसला. नारंगी, जाड, गळ्यापासून पायमोज्यांपर्यंत एकसंध. मनगटांना आणि गळ्याला घट्ट रबरी कडी. छातीवर तिरकी पितळी चेन, बाजूला पितळी तोटी.

"हा काय?"

"हा? नाना, जहाज बुडायला लागलं की कप्तान हा घालतो आणि उडी मारतो. आत सदरा घाला, स्वेटर घाला, वरून हा. पाण्यात जा, परत या. सदऱ्याची इस्त्री मोडायची नाही."

"मग जहाजवाल्यानं विकला कशाला?"

"जहाज बुडालंच नाही ना! बुडालं असतं तर इथवर आलं असतं का?"

या तर्कापुढे एसटीचं अख्खं टायर खातं गप्प बसलं असतं. नाना पोशाख सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आले. दोन्ही नारंगी पाय मागे लोंबत होते आणि फाटकावर थांबलेला एक माणूस म्हणाला, "भाऊ, तुमचा माणूस पडतोय."

पहिली परीक्षा अंगणातल्या हौदात झाली. नाना सदरा-स्वेटर घालून पोशाखात शिरले, गळा ओढून घेतला, चेन लावली, हौदात बसले. पहिल्या क्षणी कोरडे होते. दुसऱ्या क्षणी उजव्या गुडघ्याला गार लागलं, मग कोपराला, मग जिथं लागलं ते मी बायाबापड्यांसमोर सांगत नाही. उठायला गेले तर उठवेना. पाणी आत शिरलेलं आणि पाय हत्तीच्या पायांसारखे फुगलेले. हाका ऐकून द्रौपदाबाई धावत आल्या, चेन ओढली, आणि निम्मा हौद अंगणात आला.

"हाई काय शे नाना?"

"कोरडा राहायचा पोशाख."

"कोरडा तर हौद व्हयना!"

नाना दोन दिवस शिंकत राहिले. द्रौपदाबाईंनी कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा आणून दिला आणि पोशाखाला उद्देशून जे बोलल्या, ते शिंकांमुळे नानांना नीट ऐकू आलं नाही.

पण माणूस हटला नाही. वर्कशॉपात त्यांनी ऐकलेलं होतं की हवा कुठून जाते हे कळल्याशिवाय पंक्चर काढायचं नसतं. वना नावाच्या पंक्चरवाल्याकडे पोशाख नेला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "नाना, याची ट्यूब कुठंय?" ट्यूब म्हणजे आत जाणारा माणूसच, हे कळल्यावर त्यानं सोल्युशन, पंप आणि घासकागद दिला आणि हात जोडले.

पहिला प्रयोग पाण्याचा. पोशाख अंगणातल्या निंबाला टांगून आत नळाचं पाणी भरायचं, जिथून ठिबकेल तिथं खूण करायची. विचार उत्तम होता. पण नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, आणि त्या दिवशी अख्ख्या आळीनं बघितलं की नाना एका टांगलेल्या नारंगी माणसाला पाणी पाजतायत. "बठ्ठं पानी त्या मुर्दाले?" असा बायकांनी जो गलका केला, त्यात निंबाची फांदी मोडली. नाना, पोशाख आणि आळीचं पाणी, तिन्ही गटारीच्या दिशेनं गेले.

दुसरा प्रयोग हवेचा. गळ्याच्या कड्यात तांब्याची कळशी घट्ट बसवली, मनगटांत स्टीलचे दोन पेले. तोटीला रबरी नळी लावून पंप मारायला सुरुवात केली. पोशाख सळसळला, हात उचलले, पोट काढलं आणि उठून बसला. नानांनी दाढीचा ब्रश घेतला, साबणाचा फेस केला आणि त्याच्या अंगाला लावायला लागले. जिथं बुडबुडा, तिथं भोक. घोटा, गुडघा, काख. त्या दिवशी नानांची स्वतःची दाढी राहिली, पण त्याची दोनदा झाली. आमचे बुवा नेहमी सांगतात, देहाला नऊ दारं आहेत आणि नवांवर पहारा ठेवणं कठीण. नानांनी मोजायला घेतलं आणि नवावर सोडून दिलं. म्हणाले, "हा देहापेक्षा पापी दिसतो."

ठिगळं लागली. आता हवा टिकते का हे बघायचं. त्यासाठी त्याला दिवसभर कुठंतरी बसवायला हवं. घरात रिकामी खुर्ची एकच होती, अक्कांची वेताची, खिडकीजवळची. वर्षभर त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. नाना बराच वेळ पोशाख मिठीत धरून उभे राहिले. मग म्हणाले, "बस बाबा. पण टेकून बसू नकोस, वेत तुटलाय."

आणि इथं, श्रोतेहो, गोष्ट जरा वेगळ्या वळणाला गेली. घरात कुणीतरी बसलेलं असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात कुणी नाही त्यालाच विचारा. नाना बाहेर जाताना म्हणायला लागले, "येतो हं." आल्यावर म्हणायचे, "आज भाजीबाजारात वांगी चांगली होती, भरताची." तो हूं की चूं करायचा नाही, पण नानांच्या मते ऐकायचा नीट. दुपारपर्यंत ताठ बसायचा. मग कुठूनतरी, न दिसणाऱ्या भोकातून, हळूहळू हवा जायची. आधी हात मांडीवर यायचे, मग पोट बसायचं. संध्याकाळी नाना दिवा लावायचे तेव्हा कळशी पुढे झुकलेली असायची. नाना तिकडे बघायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप, पुन्हा फेस, पुन्हा ठिगळ.

खिडकीबाहेरून जाणाऱ्यांना मात्र वेगळंच दिसत होतं. पडद्याआड, अक्कांच्या खुर्चीत, नारंगी लुगड्यातलं कुणीतरी पाठमोरं. अंगानं भरलेलं. आणि नाना त्याच्याशी बोलतायत. आळीत बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. एका संध्याकाळी झुलालभाऊ टोपी घालून आले आणि दारातच उभे राहिले.

"नाना, आत येत नाही. पण सेक्रेटरी म्हणून विचारतो. वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं होतं."

"त्यासाठीच तर धडपड चाललीय," नाना म्हणाले.

"त्यासाठी?" झुलालभाऊंनी कानाला हात लावला. "आणलं कुठून?"

"हस्तीमल शेठनी दिलं."

"शेठ हेही करतात?"

"जहाजावरचं आहे म्हणाले. जुनं आहे, पण अंगात मजबूत. जरा हवा धरत नाही एवढंच."

झुलालभाऊ ओट्यावर मटकन बसले. तेवढ्यात द्रौपदाबाई बशीनं झाकलेले दोन कप घेऊन आल्या. त्यांच्याही कानावर गेलेलं होतं, पण त्यांची रीत निराळी. आधी चहा, मग चौकशी. "नाना, पाव्हनासले च्या आनेल शे," असं म्हणत त्या सरळ आत गेल्या. मग अशी किंकाळी की रुळांवरचा गँगमन थांबला. त्या किंकाळीनं कळशी सुटली, हवा सुटली, आणि झुलालभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं की एक नारंगी बाई फुर्र आवाज करत खुर्चीतून उठली, भिंतीला थडकली आणि द्रौपदाबाईंच्या पायाशी सपाट झाली.

नानांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते लाल झाले. "केसरच्या खुर्चीत?" एवढंच म्हणाले. "मी? केसरच्या खुर्चीत?" झुलालभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. द्रौपदाबाईंनी कप उचलले, एक नानांना दिला आणि दुसरा स्वतः घेऊन तिथंच जमिनीवर बसल्या. त्या दिवसापासून दुसरा कप मोरीत गेला नाही.

आता उरलं रबर आणि चेन. जुनं रबर कातडीला चिकटतं, ओढलं की फाटतं. त्याला पावडर लावावी लागते. शेठनी सांगितलं, टाल्कम चालेल. घरात पावडरचा एकच डबा होता, फडताळात, अक्कांनी जसा ठेवला तसा. झाकण अर्धं फिरवलेलं. नानांनी डबा उचलला, ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलला. शेवटी उघडला आणि गळ्याच्या कड्यात शिंपडला. मग डोकं घालून बघायला पोशाखात शिरले आणि बराच वेळ आतच राहिले. द्रौपदाबाईंनी बाहेरून विचारलं, "गळस का नाना?" आतून उत्तर आलं, "थांबा. बघतोय." चेनीला देवघरातली मेणबत्ती चोळली. दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत बसला तो संध्याकाळी ताठ, दिवा लागला तरी ताठ. कुठूनही हवा जात नव्हती. नानांना आनंद व्हायला हवा होता. ते नुसते म्हणाले, "म्हणजे आता तुला उठवायला हवं."

पण विहिरीत उतरायचं तर देवळाची परवानगी हवी. सेक्रेटरी झुलालभाऊ, खुर्चीच्या प्रकरणामुळे ओशाळलेले, तरी नियम तो नियम. म्हणाले, "पोलिसांची चिठ्ठी आणा. उद्या काही झालं तर विश्वस्तांच्या गळ्यात नको." नाना चौकीवर गेले. तिथं अभिमन हवालदार बसले होते, मोठ्या मिशांचे, बारीक आवाजाचे.

"काय पाहिजे आबा?"

"विहिरीत उतरायची परवानगी."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "घरी कोण कोण आहे?"

"मी."

"आणि?"

"मीच."

"मंडळी?"

"वारली. वर्ष होईल आता."

हवालदारांनी उठून दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली. "मुलंबाळं बघतात का? सुनेशी वाद? जेवता का वेळेवर?"

"अहो, टाळ काढायचाय!"

"हो, हो. तसंच म्हणतात सगळे. परवा एक जण म्हणाला, चप्पल काढायचीय."

नानांनी पोशाखाबद्दल सांगितलं तेव्हा हवालदारांची खात्रीच पटली. चिठ्ठी मिळाली नाही. उलट रोज संध्याकाळी हवालदारांची सायकल नानांच्या दाराशी थांबायला लागली. "आबा, आहात ना?" नाना आतून ओरडायचे, "नाही, गेलो!" मग हवालदार आत येऊन चहा घ्यायचे. खुर्चीतल्या गड्याशी त्यांची चांगली ओळख झाली. शेवटी तेच म्हणाले, "चिठ्ठी देत नाही. पण दोर मी स्वतः धरीन. माझ्या हातातून आजवर एकच आरोपी निसटलाय, आणि तो तेल लावून होता."

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. कीर्तन संध्याकाळी, म्हणून सकाळीच सगळे विहिरीवर. पावसाळा दांडगा झालेला, पाणी निम्म्या पायऱ्यांपर्यंत चढलेलं. नाना पोशाखात आले तेव्हा आळीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. अभिमन हवालदारांनी नानांच्या कमरेला दोर बांधला. गाठ मारायला नाना पुढे झाले तेव्हा चौघांनी त्यांचे हात धरले. खूण ठरली: नानांच्या गळ्यात टाळाची ती एकटी वाटी. एकदा वाजवली तर वर ओढा. दोनदा वाजवली तर थांबा, काम चालू आहे.

नाना पायऱ्या उतरले, हरिनाम घेतलं, अंग सोडलं. आणि बुडेनात. इतके दिवस एकेक भोक बुजवून आत जी हवा कोंडली होती, ती त्यांना भोपळ्यासारखं वर ठेवत होती. नाना खाली जायला हातपाय मारायचे आणि पाणी त्यांना परत द्यायचं.

"वजन पाहिजे," हस्तीमल शेठ वरून ओरडले. द्रौपदाबाईंनी घरून वरवंटा आणला, तो पोटाला बांधला. डोकं खाली गेलं, हवा मात्र पायांत गेली, आणि नानांचे दोन नारंगी पाय आभाळाकडे उभे राहिले. "एकदा वाजलं का? वाजलं का?" म्हणत हवालदारांनी ओढलं. नाना सुलटे झाले. वरवंटा सुटून तळाला गेला.

"मना वरवंटा!" द्रौपदाबाई म्हणाल्या.

मग शेठचं पाच किलोचं माप बांधलं. तेही गेलं. झुलालभाऊंनी नीट दिसावं म्हणून बॅटरी पुढे केली. तीही गेली. टाळ परत द्यायचा सोडून विहीर हळूहळू अख्खा संसार मांडायला लागली.

नाना दमले. पाण्याखालच्या पहिल्या पायरीवर, कमरेइतक्या पाण्यात बसले. गळ्याच्या कड्यात बोट घालून आतली हवा सोडत राहिले. वरून सगळे डोकावत होते, पण आभाळाच्या उजेडात त्यांची फक्त काळी डोकी दिसत होती. इथं खाली गार अंधार, शेवाळ्याचा वास, आणि गळ्यातून येणारा अक्काच्या पावडरीचा. अंगाला थेंब लागला नव्हता. आणि तळ, त्यांनी ओळखलं, आता हाती लागणार नव्हता. जोडी वाजणार नव्हती. नानांनी वाटी उचलली आणि वरच्या पायरीच्या दगडावर एकदा मारली. ओढा.

टण्ण.

आणि विहिरीतून, खालून, जरा उशिरा, जरा मऊ: टण्ण.

"दोन!" हवालदार म्हणाले. "थांबा. काम चालू आहे."

नाना रागावले. पुन्हा मारली, एकदाच. टण्ण. विहिरीनं उत्तर दिलं. टण्ण.

"दोनच," झुलालभाऊंनी दुजोरा दिला. "गडी चिकाटीचा."

तिसऱ्यांदा हात उचलला आणि नानांचा हात तसाच राहिला. अक्का भजनात असंच करायच्या. नाना सम चुकवायचे, आणि त्यांच्या मागून, जरा उशिरा, जरा मऊ, त्या सावरून घ्यायच्या. नानांनी हळूच वाजवली. हळूच उत्तर आलं. जोरात वाजवली, जोरात आलं. मग ते वाजवतच राहिले.

वर हवालदारांचा हिशेब चुकला. "दोन… चार… आता किती म्हणजे काय ठरलं होतं?" कुणाला सांगता येईना. बायकांनी नकळत ठेका धरला. द्रौपदाबाई तेवढ्या कठड्याला हात टेकून ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आते वढा. भजन झायं त्यासनं."

नानांना वर काढलं. कुणी टाळाचं विचारलं नाही. रिकामे हात दिसतच होते. चेन उघडली, पोशाख उतरवला. सदरा कोरडा, स्वेटर कोरडं, इस्त्री शाबूत. फक्त गळ्याशी, कड्याच्या आत, चांगलं ओलं.

"गळतंय अजून!" हस्तीमल शेठ हळहळले. "एवढं करून गळ्याशी राहिलंच भोक." त्यांनी गळा उलटा केला, ताणला, उजेडात धरला. भोक कुठंच नव्हतं. झुलालभाऊ कशावरही विश्वास न ठेवणारे. त्यांनी ओलाव्याला बोट लावून जिभेला लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "खारट आहे. आपल्या विहिरीचं पाणी तर गोड."

"मग बरोबर," शेठ म्हणाले. "जहाजाचा माल. समुद्र आतच राहिला असणार."

सगळ्यांना हे पटलं. द्रौपदाबाईंनी मात्र पदराचं टोक पुढे केलं आणि नानांच्या हातात दिलं. नानांनी तोंड पुसलं. "सर्दी झाली," म्हणाले.

"व्हऊ द्या," त्या म्हणाल्या. "एक वरीस व्हयनं, आते व्हऊ द्या."

कीर्तन नानांच्या घरी व्हायचं होतं, पण संध्याकाळी बुवांना विहिरीच्या ओट्यावर उभं केलं. नाना रहाटाजवळ बसले. टाळकऱ्यांच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात जोडी, नानांच्या हातात एक वाटी. नाना ती रहाटाच्या त्याच लोखंडावर वाजवत होते आणि दुसरी वाटी खालून लागत होती. बुवा क्षणभर थांबले, विहिरीकडे बघितलं, आणि पुढचं चरण तिच्या तालावर घेतलं. त्या रात्री नानांची एकही सम चुकली नाही. चुकली असेल तर कुणीतरी सावरून घेतली.

नाना आता नाहीत. पोशाख शेठनी परत नेला, पुढं कुणी त्याचे गमबूट केले म्हणतात. वरवंटा, माप, बॅटरी, चुंबक आणि ती वाटी अजून तिथंच आहे. विहीर नांदतेय.

एवढीच कथा. उठण्याआधी एक मागणं आहे, दक्षिणा नको. कधी कुठल्या विहिरीपाशी गेलात तर नुसतं वाकून तोंड बघू नका. एकदा टाळी वाजवा. खालून जरा उशिरा, जरा मऊ उत्तर येईल. ते ऐकलंत की आमच्या केसरअक्कांचं नाव घ्या.